सृष्टिकथा ही सनद असते

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा वादसभा होती. फळ्यावर रंगीत खडूंनी विषय लिहिला होता : 'पुराणकथा : थोतांड की विज्ञान?' एका बाजूला नुकताच नोकरीला लागलेला इंजिनियर मुलगा, दुसऱ्या बाजूला निवृत्त झालेले मास्तर. मुलगा म्हणाला, पृथ्वी शेषाच्या फण्यावर आहे असं सांगणाऱ्या गोष्टी उपग्रहाच्या काळात कशाला कुरवाळायच्या? मास्तर म्हणाले, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम लावून बघा, डार्विनच्या कितीतरी आधी आपल्याला उत्क्रांती ठाऊक होती. दोघंही तयारीने आले होते, दोघांनाही टाळ्या पडल्या, आणि दीड तासाने सभा जिथे सुरू झाली होती तिथेच संपली. मला त्या दोघांचा राग आला नाही. विषय ठरवणाऱ्यांनी स्टेजवर खुर्च्याच दोन मांडल्या होत्या. पण घरी येताना एक गोष्ट मनातून जाईना. इतकं भांडूनही एका मुद्द्यावर दोघांचं पूर्ण एकमत होतं : विज्ञानाच्या पेपरात गोष्ट पास होते की नापास, यावर तिची किंमत ठरते. माझं म्हणणं असं, की हे गृहीतच चुकीचं आहे, आणि त्याच्यापायी आपल्याकडचा या विषयावरचा जवळजवळ प्रत्येक वाद वाया जातो. गोष्ट मिथक होते ती खोटी असल्यामुळे नाही, जुनी असल्यामुळे नाही, देवांची असल्यामुळेही नाही. तिच्यावर आजचं काहीतरी उभं असतं, म्हणून ती मिथक होते.

हे मला पुस्तकांच्या आधी आजीने शिकवलं. तिच्याकडे तीन जातींच्या गोष्टी होत्या. रात्री जेवणं झाली की चिऊ-काऊची : कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. ती सांगता सांगता आजी वाती वळायची, शेंगा सोलायची, आणि आम्ही हट्ट केला तर शेवट बदलूनही द्यायची. दुसरी आमच्या घराण्याची : पणजोबांनी दुष्काळात गाव कसं सोडलं. ती चालू असताना काका मध्येच तोंड घालून साल दुरुस्त करायचे आणि आजी ते ऐकून घ्यायची. तिसरी श्रावणातली. रविवारी सकाळी आंघोळी झाल्या की आम्हा पोरांच्या मुठीत तांदळाचे चार-चार दाणे यायचे आणि आदित्यराणूबाईची कहाणी सुरू व्हायची. ती संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, उठायचं नाही. 'आटपाट नगर होतं'पासून 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'पर्यंत एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. दाणे घामाने ओले होऊन तळव्याला चिकटायचे. एकदा मी विचारलं, "आजी, हे खरंच झालं होतं का गं?" चिऊच्या गोष्टीबद्दल विचारलं असतं तर ती हसली असती, पणजोबांच्या गोष्टीबद्दल विचारलं असतं तर 'काकांना विचार' म्हणाली असती. कहाणीबद्दल विचारल्यावर ती म्हणाली, "उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

तेव्हा मला वाटलं, आजीने उत्तर टाळलं. आज वाटतं, इतकं नेमकं उत्तर मला नंतर कुणीच दिलं नाही. कहाणीवर वसा उभा होता. वशावर तो महिना, उपास, घरातल्या बायकांचं एकत्र बसणं, सगळं उभं होतं. 'झालं होतं का' हा प्रश्न त्या जागी बसतच नव्हता. 'त्यामुळे काय करायचं' हा बसत होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला होता. तिथली उत्पत्तिकथा सांगते, की माणसं जमिनीखाली राहत होती आणि विवरांतून वर आली. एका विवरातून चार कुळांचे चार प्राणी निघाले. त्यातल्या कुत्र्याला नोकू नावाच्या झाडाचं फळ दिसलं. त्याने ते हुंगलं आणि खाल्लं. डुक्कर म्हणालं, तू नोकू खाल्लंस, घाण खाल्लीस, तू हलका, सरदार मी. बाहेरच्याला ही चार ओळींची पोरकट गोष्ट वाटेल. पण बेटावरची थोरली सरदारकी डुकराच्या कुळाकडे होती, आणि कुणाचे पूर्वज कुठल्या विवरातून वर आले यावर तिथली जमीन कुणाची हे ठरत होतं. मालिनोव्स्कीने १९२६ मध्ये अशा कथेला जे नाव दिलं, त्याला मराठीत आयता शब्द आहे : सनद. आणि सनद म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाटिलकी-देशमुखीच्या सनदा खऱ्या की बनावट यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. पण ती भांडणं कागदासाठी नव्हती. जमीन कुणी कसायची आणि पोळ्याला मानाचा बैल कुणाच्या दावणीचा, यासाठी होती. नुसती कागदाची शाई तपासून वतन समजत नाही.

यावरचा पहिला आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मांडणाऱ्यांचं दुखणंही खरं आहे. 'मिथक' म्हटलं की मराठी कानाला 'मिथ्या' ऐकू येतं. ज्या ग्रीक शब्दावरून हे सगळं सुरू झालं, त्याचा मूळ अर्थ नुसता 'बोल' किंवा 'कथन' असा होता, पण आपल्याकडे हा शब्द येतानाच खोटेपणाचा वास घेऊन आला. शिवाय तो कुणी कुणाला लावला? १८३१ मध्ये मुंबईत मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांचा वाद झाला, १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी भिडले. पुराणांतल्या विसंगती मिशनऱ्यांनी एक-एक करून काढल्या. पण त्यांच्याच काळातल्या इंग्रजी बायबलांच्या समासात आर्चबिशप अशर यांच्या गणिताने सृष्टीचं साल छापलेलं असायचं : इ.स.पू. ४००४. आमची ती भाकडकथा आणि तुमचा तो इतिहास, हा अन्याय होता, आणि त्याची सल अजून शिल्लक आहे. तरीही त्यावरचा उपाय 'आमच्या कथांना मिथक म्हणू नका' हा कसा असेल? ज्या तराजूत पुराणं तोलली, त्याच तराजूत बायबलमधलं 'उत्पत्ती' हे पुस्तकही ठेवा, असं म्हणणं हाच न्याय. आणि तराजू हातात घेतलाच आहे तर तो विज्ञानाचा न घेता सनदेचा घ्यावा.

आता त्या इंजिनियर मुलाचा मुद्दा. तो म्हणेल, माणसाला वीज का पडते कळत नव्हतं, म्हणून त्याने देव कल्पिले. सृष्टिकथा म्हणजे बाल्यावस्थेतलं विज्ञान, मोठं झाल्यावर टाकून द्यायचं. यात तथ्य आहे. या कथांत 'का' आणि 'कसं' यांची उत्तरं असतातच, आणि ती ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी शब्दशः खरी मानली, हे नाकारणं अप्रामाणिक ठरेल. पण निव्वळ स्पष्टीकरणच हवं असतं, तर माणसं एकावर थांबली असती. प्राचीन इजिप्तमध्ये एका नगरीत अतूम आद्य जलातून उगवून सृष्टी घडवतो, मेम्फिसमध्ये प्ताह मनात आणून आणि नाव उच्चारून घडवतो, एस्नात ख्नूम कुंभाराच्या चाकावर माणसं घडवतो, आणि एका देशाच्या देवळांत हे सगळं नांदत होतं. ऋग्वेदाच्या एकट्या दहाव्या मंडलात हिरण्यगर्भ आहे, यज्ञात कापलेला पुरुष आहे, आणि अदितीपासून दक्ष व दक्षापासून अदिती जन्मली असं सांगणारं सूक्तही आहे. बायबलच्या पहिल्या दोन अध्यायांत उत्पत्तीचा क्रम दोन तऱ्हांनी येतो. हे लोक आपल्यापेक्षा कमी हुशार होते, त्यांना विसंगती दिसली नाही, असं मानायचं का? मला ते पटत नाही. एकाच घरात निरनिराळ्या वतनांच्या निरनिराळ्या सनदा असतात, तशा या कथा होत्या.

आजच्या इराकमधल्या प्राचीन बाबिलोनचं उदाहरण जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. तिथे वसंतात, निसान महिन्याच्या आरंभी, अकितू नावाचा नववर्षाचा उत्सव व्हायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी मुख्य पुजारी मार्दुक देवाच्या मूर्तीसमोर सात मृत्तिकापट्टांचं सृष्टिकाव्य म्हणायचा. तिअमात ही आद्य सागरदेवता खवळते, तिच्यासमोर जायला कुणी धजत नाही, मार्दुक पुढे होतो, पण अट घालतो : जिंकलो तर तुमचा सगळ्यांचा राजा मी. तो तिला मारतो, वाळवायच्या मासळीसारखं तिचं शरीर मधोमध चिरतो, अर्ध्याचं आकाश करतो. तिच्या सेनापतीच्या रक्तातून माणूस बनतो, कशासाठी, तर देवांची कामं करण्यासाठी. मग देव मिळून बाबिलोन नगरी बांधतात आणि काव्य मार्दुकच्या पन्नास नावांनी संपतं. दुसऱ्या दिवशी राजाची राजचिन्हं काढून घेतली जात. पुजारी त्याच्या थोबाडीत मारायचा, कान धरून त्याला देवासमोर गुडघ्यावर बसवायचा, आणि मी बाबिलोनचं वाईट केलं नाही असं त्याच्याकडून वदवून घ्यायचा. राजचिन्हं परत मिळाली की पुन्हा एक थोबाडीत, डोळ्यांत पाणी आलं तर शुभ. म्हणजे आदल्या संध्याकाळी वाचलेली सनद दुसऱ्या दिवशी नूतनीकरणाला आली. आकाश कशाचं बनलं हा त्या काव्याचा विषय होता. हे राज्य कुणाचं आणि कुठल्या अटीवर, हे त्याचं काम होतं.

विश्वास बसत नसेल तर पुढचं पाहा. इ.स.पू. ६८९ मध्ये असीरिया या शेजारच्या राज्याचा राजा सेन्नाखेरीब याने बाबिलोन उद्ध्वस्त केलं. या काव्याच्या असीरियातल्या पाठात मार्दुकच्या जागी अश्शूर आला, असीरियाचा देव. तिअमात तीच, मासळीसारखं चिरणं तेच, फक्त मालकाचं नाव बदललं. भौतिकशास्त्राच्या सिद्धान्ताचं असं होत नाही. सातबाऱ्याचं होतं.

१८७२ मध्ये ब्रिटिश म्यूझियममधल्या जॉर्ज स्मिथने लंडनमध्ये बाबिलोनी महापुराची कथा वाचून दाखवली, १८७६ मध्ये हे सृष्टिकाव्य प्रसिद्ध केलं, आणि मग युरोपात कित्येक वर्षं एकच वाद गाजला : बायबलने हे उचललं का? मला तो वादही आपल्या सोसायटीतल्या वादासारखाच वाटतो. काय उचललं यापेक्षा काय फिरवलं हे जास्त बोलकं आहे. बायबलच्या पहिल्या अध्यायात लढाई नाही. सूर्य आणि चंद्र यांची नावं घ्यायचीही टाळली आहेत, नुसता 'मोठा प्रकाश' आणि 'लहान प्रकाश', कारण शेजाऱ्यांकडे ती देवांची नावं होती. माणूस देवांचा वेठबिगार न राहता देवाच्या प्रतिमेचा झाला. आणि सातव्या दिवशी देवाने विश्रांती घेतली, म्हणून नोकराने, दासीने, बैलानेही घ्यायची. बाबिलोनच्या सनदेवर राजा उभा होता, या सनदेवर आठवड्याची सुट्टी उभी राहिली. शनिवारचा तो दिवस ख्रिस्ती जगात रविवार होऊन कुठून कुठे फिरला, आणि १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. रविवार हा खंडोबाचाही वार. ज्या कामगाराला त्या दिवशी पाठ टेकता आली, त्याला सृष्टी सहा दिवसांत झाली की नाही याच्याशी काय करायचं होतं?

आपल्या घरात हे कुठे आहे, तर प्रत्येक पूजेच्या सुरुवातीला. संकल्प सोडताना गुरुजी म्हणतात : ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा प्रथम चरण, मग दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर, शालिवाहन शक, आजची तिथी, वार, आणि शेवटी यजमानाचं गोत्र आणि नाव. वराहाने पृथ्वी वर काढली त्या कल्पापासून थेट आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटपर्यंत एका दमात. हातावरून पळीभर पाणी ताम्हनात पडतं तेवढ्या वेळात माणसाला त्याची जागा मिळते. मला हे फार सुंदर वाटतं, आणि त्याचा विश्वाच्या आरंभीच्या महास्फोटाच्या (बिग बँगच्या) तारखेशी मेळ बसतो का हे तपासणाऱ्यांची मला खंत वाटते.

कारण मास्तरांचा पक्ष हेच करतो. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी जाहीर निषेध केला. गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी, की एकीकडे दशावतारात डार्विन शोधणारे आणि दुसरीकडे डार्विन नाकारणारे बरेचदा एकाच मांडवात बसलेले असतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्ताचंही तेच. 'तेव्हा असतही नव्हतं, सतही नव्हतं' एवढं ऐकलं की महास्फोट सापडला म्हणून टाळ्या. पण त्या सूक्ताचा शेवट काय आहे? 'सो अङ्ग वेद यदि वा न वेद'. परम आकाशात जो या सगळ्याचा अध्यक्ष आहे, त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. ज्या कवीने देवालाही ठाऊक नसेल म्हणायची हिंमत केली, त्याच्या तोंडी आपण उत्तर कोंबतो.

या बाबतीत एका पाद्र्याने दाखवलेला विवेक मला नेहमी आठवतो. महास्फोटाची कल्पना ज्यांनी मांडली ते बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी 'प्रकाश होवो' या बायबलवचनाशी या नव्या विज्ञानाची जोड घातली, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी लमेत्र अस्वस्थ झाले, आणि पोपनी हे पुन्हा बोलू नये यासाठी त्यांनी प्रयत्न केले. उद्या सिद्धान्त बदलला तर श्रद्धेचं काय, हे त्यांना कळत होतं. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम करत आयुष्यभर महास्फोटाला पर्याय मांडले. नासदीय सूक्त म्हणजे महास्फोट असेल, तर नारळीकर काय वेदाच्या विरोधात होते?

माझ्या कसोटीने नासदीय सूक्त मिथक नाहीच. ते सृष्टीवरचं चिंतन आहे. त्याच्यावर ना व्रत उभं, ना वतन. रोजच्या पूजेत त्याला जागा नाही. त्याच मंडलातलं नव्वदावं सूक्त, पुरुषसूक्त, मात्र पुरेपूर मिथक आहे. षोडशोपचार पूजेत सोळा उपचार आणि त्याच्या सोळा ऋचा, एकेका उपचाराला एकेक. आवाहनाला पहिली, आसनाला दुसरी, धुपाला अकरावी. बारावी येते दीपाला. गणपतीसमोर निरांजन धरलेलं असतं, सगळे हात जोडून उभे असतात, आणि तेव्हा जी ऋचा म्हटली जाते ती अशी : 'ब्राह्मणोऽस्य मुखमासीद् बाहू राजन्यः कृतः'. मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून क्षत्रिय, मांड्यांपासून वैश्य, पायांपासून शूद्र. गेल्या वर्षी माझी भाची, जी शाळेत संस्कृत शिकते, पूजा आटोपल्यावर म्हणाली, "मावशी, आरतीच्या आधी जे म्हटलं त्यात 'पद्भ्यां शूद्रो अजायत' होतं का?" होतं. इतकी वर्षं मी हात जोडून ते ऐकत आले होते.

इथे त्या इंजिनियर मुलाचा सगळ्यात बळकट मुद्दा येतो, आणि तो मी हलका करणार नाही. तो म्हणेल, तुम्ही मिथकाला सनद म्हणून मोठं केलंत, पण ही सनद माणसांच्या मानेवर बसली होती. 'ते रूपक आहे', 'ते प्रतीक आहे' असं म्हणून तिला सोडून द्यायचं का? नाही. उलट सनद म्हटल्यानेच तिच्याकडे जबाबदारी मागता येते. थोतांड म्हटलं की विषय संपतो, गुरुजी पुढच्या वर्षी पुन्हा तीच ऋचा म्हणतात. ज्यांनी या सूक्ताशी खरी झुंज घेतली, त्यांनी ती सनद म्हणूनच वाचली. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी पुरुषसूक्त वेदांतल्याच इतर उत्पत्तिकथांशेजारी ठेवलं आणि ते किती वेगळं पडतं हे दाखवलं. वर्ग सगळ्याच समाजांत असतात, त्या उतरंडीलाच आदर्श म्हणून धर्माचा शिक्का इथे का मारला, हा त्यांचा प्रश्न होता. तो ग्रंथ त्यांनी जोतीराव फुल्यांना अर्पण केला.

आणि जोतीरावांनी काय केलं होतं? १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी ब्रह्मदेवाच्या चार अवयवांतून चार वर्ण जन्मल्याच्या कथेला रोकडा सवाल केला : मग त्या चारही जागी तो विटाळशी होऊन बाजूला बसत होता का? कथा हास्यास्पद ठरवायला एवढं पुरेसं होतं. थोतांडवाल्यांच्या हिशेबाने पुस्तक तिथेच संपायला हवं होतं. जोतीराव थांबले नाहीत. त्यांनी बळीराजा उभा केला. वामनाने पाताळात घातलेला बळी हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा, खंडोबा त्याच्या एका खंडाचा अधिकारी, म्हसोबा म्हणजे महासुभा. यातल्या व्युत्पत्ती आजचे भाषाशास्त्रज्ञ मान्य करणार नाहीत, आणि मलाही त्या इतिहास म्हणून स्वीकारता येत नाहीत. पण एका सनदेला उत्तर द्यायला दुसरी सनद लागते, हे त्या माणसाला कळलं होतं. मराठीतल्या सगळ्यात धारदार चिकित्सकाला जर नुसत्या खंडनावर भागवता आलं नाही, तर आपल्याला ते कसं भागेल?

उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा. सनदेला इतिहास म्हणून कायद्याने खरं ठरवलं की काय होतं, ते जपानने दाखवलं. ७१२ चा 'कोजिकी' आणि ७२० चा 'निहोन शोकी' यांत इझानागी-इझानामी भाल्याने समुद्र ढवळतात, भाल्यावरून ठिबकलेल्या थेंबांचं बेट होतं, पुढे सूर्यदेवी अमातेरासू, आणि तिच्या वंशात पहिला सम्राट जिम्मू. १९४० मध्ये राज्याने त्या वंशाची २६०० वर्षं थाटात साजरी केली. त्याच वर्षी त्सुदा सोकिची या इतिहासकाराच्या पुस्तकांवर बंदी आली आणि १९४२ मध्ये न्यायालयाने त्याला प्रकाशकासह दोषी ठरवलं. त्याचा गुन्हा एवढाच, की देवयुगाच्या कथा राजदरबाराने आपल्या सत्तेच्या समर्थनासाठी रचल्या, असं त्याने दाखवलं होतं. तो राजघराण्याचा वैरी नव्हता, युद्धानंतर त्याने सम्राटाची बाजूच घेतली. पण सनदेला सनद म्हणणं सत्तेला नेहमीच जास्त झोंबतं. खोटं म्हटलेलं तितकं झोंबत नाही. १ जानेवारी १९४६ ला सम्राटाच्याच नावाने निघालेल्या घोषणेत म्हटलं गेलं, की प्रजा आणि सम्राट यांचं नातं केवळ मिथकं आणि दंतकथा यांवर अवलंबून नाही. दरम्यान त्या सनदेच्या नावाने किती माणसं मेली.

म्हणून सगळ्या सनदा जाळायच्या का? न्यूझीलंडमध्ये व्हांगानुई नदीकाठचे मूळचे रहिवासी माओरी सांगतात, तरानाकी पर्वत तोंगारिरो या दुसऱ्या पर्वताशी भांडून पश्चिमेला समुद्राकडे निघाला, त्याच्या वाटेवर खोल चर पडली, तिच्यातून पाणी वाहू लागलं, ती ही नदी. 'मी नदी आहे, नदी मी आहे', असं त्यांचं वचन आहे. शंभराहून जास्त वर्षं ते नदीसाठी भांडले, आणि २०१७ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून या नदीला व्यक्तीचे अधिकार दिले. पर्वत खरंच चालला का, हे संसदेत कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखा प्रश्न तो नव्हता. ज्यांच्या हातचं बाकी सगळं गेलं होतं, त्यांच्याजवळ एवढी एक सनद उरली होती.

आमच्या घरी दिवाळीच्या पाडव्याला आई ओवाळते. गणपतीत गुरुजींच्या हातात असतं तेच पितळी निरांजन. दारात रांगोळी, पाटावर वडील, मग भाऊ, आणि प्रत्येकाला ओवाळताना आई पुटपुटते : इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो. वामनही आमच्या देवघरातल्या विष्णूचाच अवतार, हे तिला माहीत आहे. गेल्या पाडव्याला भाचीने तिला विचारलं, "आजी, बळी कोण?" आईने निरांजन खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली, "बळी म्हणून आपला एक राजा होता."

आपला, म्हणाली.